बारगिराच्या कमरेची कट्यार

तो प्रसंग अजून डोळ्यांपुढे येतो, आणि येतो तो नेहमी त्या दालनातल्या उजेडासकट. दोहात ऑक्टोबरमध्ये हवेत बारीक धूळ तरंगत असते. सूर्य वर आलेला असतो, पण नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही. तसल्या दुधी उजेडात ते योद्धे ओळीने उभे असत, हातात शस्त्रे घेऊन, कुणाच्या तरी हुकमाची वाट पाहत. सकाळी कुलूप काढून आत गेलो की मला उगीचच वाटे, आपण यायच्या आधी ही मंडळी काहीतरी बोलत होती आणि आता गप्प झाली आहेत.

मी महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन हजार सालानंतर काही वर्षे कतारमध्ये नोकरी केली. मदिनत खलीफा भागातल्या एका मोठ्या बंगल्यात एका श्रीमंत गृहस्थांचा जुन्या शस्त्रांचा खासगी संग्रह होता, त्याचा मी सुरक्षा अधिकारी. आम्ही मालकांना शेखसाहेब म्हणत असू. बाकी कुणाचे नाव मी लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही.

संग्रहाची मांडणी आमच्या मॅडमनी केली होती. मूळच्या पुण्याच्या, इतिहास शिकलेल्या. यजमान मेसईदच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर, राहायला तिथल्याच कंपनीच्या वसाहतीत. लाकडाचे पुरुषभर पुतळे करून प्रत्येकाला त्यांनी त्याच्या काळातली शस्त्रे दिली होती. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणालो, "मॅडम, तलवार हातात द्यायची सोडून सगळ्यांच्या हाती भाले काय दिलेत?"

त्या हसल्या. "साहेब, तलवार हे बहुतेकांचं दुसरंच शस्त्र. पहिला भाला. लांबून लढता येतं, बनवायला स्वस्त. भाला मोडला किंवा हातातून गेला, की मग तलवार, नाहीतर कुऱ्हाड, गदा, कट्यार. पहिलं शस्त्र हातात असतं, दुसरं अंगाला."

ते वाक्य माझ्या मनात बसले. पुढे मी त्या ओळीतून चालताना आधी कमरेकडेच बघू लागलो. ग्रीक पायदळाच्या हातात लांब भाला, काखेला आखूड तलवार. तिरंदाजाच्या पट्ट्यात छोटी कुऱ्हाड. परदेशी चिलखती स्वाराच्या खोगिराला लटकलेली गदा. अरबी स्वाराच्या पोटावर बाकदार खंजीर. आणि शेवटी, खिडकीजवळ, आपला दख्खनचा बारगीर. हातात भाला, कमरेला आडव्या मुठीची साधी लोखंडी कट्यार. तिच्यावर ना सोने ना चांदी. घरापासून इतक्या लांब तो बारगीर पाहिला की मला आपल्या गावचा माणूस परदेशी बसथांब्यावर भेटल्यासारखे वाटायचे. कुणी आजूबाजूला नसेल तर मी त्याला "काय पाहुणं?" असे विचारायचोही. हसायचे असेल तर हसा.

एका शनिवारी सकाळी छायाचित्रे काढायला माणसे आली आणि बारगिराची कमर रिकामी निघाली.

आमचे व्यवस्थापक जॉर्डनचे होते. ते आधी पांढरेफटक पडले आणि मग लाल झाले. रविवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर शेखसाहेब स्वतः पाहणीला येणार होते. "तोपर्यंत वस्तू मिळाली तर ठीक, नाही तर पोलीस," एवढे बोलून ते मोकळे झाले. पोलीस याचा अर्थ तिथे काम करणारा प्रत्येक परदेशी माणूस जाणतो. आधी चौकशी, मग इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, मग विमान. गुन्हा शाबीत व्हायची कुणी वाट बघत नाही.

सवयीप्रमाणे मी घटनास्थळ पाहिले. कुलपाशी झटापट नाही, खिडक्या शाबूत. आणि एक गोष्ट मला लगेच खटकली. बारगिराच्या शेजारीच चांदीच्या मुठीची तलवार होती. बाजारात तिचे काय मोल येईल ते सांगायला जाणकार लागत नाही. चोराने तिला हातही लावला नव्हता. नोकरीत मी शेकडो चोर पाहिले, पण देव्हाऱ्यातली चांदीची मूर्ती सोडून पितळी निरांजन नेणारा एकही पाहिला नाही. तेव्हा हे काम चोराचे नाही, असे माझे मन सांगत होते. पण मनाचा जबाब कागदावर घेता येत नाही.

दहाच्या सुमारास खबर आली. आमच्या गाडीचा पेशावरचा चालक चहाचा कप घेऊन माझ्याजवळ उभा राहिला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "साहब, मैं किसी का बुरा नहीं चाहता. मगर जुमेरात शाम को वसईवाला एक थैला लेकर निकला. बड़े सँभाल के गाड़ी में रखा, जैसे अंडे हों. फिर वक्रा की तरफ़."

जुमेरात म्हणजे गुरुवार, आणि वसईवाला म्हणजे आमचे भांडारपाल. वसईचे कॅथलिक, पन्नाशीचे, कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारे. बायको परिचारिका, मुलगी दहावीला, घर अल वक्र्यात. रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चुकवायची नाही आणि कुणाशी भांडायचे नाही, हे त्यांचे दोन नियम. मी त्यांना वसईकर म्हणायचो. चालकाने ही खबर मला देण्याआधीच व्यवस्थापकांच्या कानावर घातली होती. दुपारपर्यंत साऱ्या बंगल्यात वसईकर चोर ठरले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते डोळ्यांसमोर घडत होते, आणि संन्यासी स्वतः तोंड उघडायला तयार नव्हता.

मी त्यांना दालनातच बोलावले. चौकशीची खोली म्हणून नव्हे, पण तिथे एकांत होता. समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या. वातानुकूलन यंत्राची एकसुरी घरघर, बाहेर धुळीने भरलेला पांढरा उजेड, आणि दोन्ही बाजूंना भाले घेतलेले लाकडी शिपाई.

"थैल्यात काय होतं?" मी विचारले.

"थैला माझा नव्हता, साहेब."

"मग कुणाचा?"

त्यांनी खिडकीकडे पाहिले.

"तुम्हाला माहिती आहे ना, उद्या काय होणार ते?"

"आहे."

"पोरीची दहावी आहे. तिला मधूनच शाळा सोडावी लागेल. बायकोनं एकटीनं इथं काय करायचं?"

त्यांचे डोळे भरले, पण तोंड उघडले नाही. मी आवाज चढवला. चढवला म्हणजे ठाण्यात चढवायचो तसा, भिंती हलतील असा. चांगला अर्धा तास मी भीती, बायको, मुलगी, कायदा, सगळे वापरून पाहिले. वसईकर मांडीवर हात ठेवून बसून होते. शेवटी एवढेच म्हणाले, "साहेब, उद्या सकाळपर्यंत थांबा. इन्शाल्ला, सगळं जागेवर येईल. माझ्याकडून याउपर काही मिळणार नाही. खलास."

अळीमिळी गुपचिळी. आता खरे सांगायचे तर मला राग येण्याऐवजी त्यांचा हेवा वाटला. इतका वेळ माझा आवाज सहन करणारी माणसे मी नोकरीत फार पाहिली नाहीत, आणि जी पाहिली ती बहुतेक सराईत होती. सराईत माणूस गप्प बसतो तेव्हा त्याची नजर तुमच्यावर असते. तुम्ही कधी दमता, ते तो पाहत असतो. वसईकरांची नजर खिडकीकडे होती, दक्षिणेला. ते कुणाची तरी वाट पाहत होते.

इतक्यात माझा फोन वाजला. घरून सौ. बोलत होती. तिला इथल्या कटकटीचे काय माहीत! "आज दसरा, लक्षात आहे ना? तिकडं सोनं कुणाला दिलंत?" मी "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवला, पण तो शब्द कानात राहिला. दसरा. म्हणजे काल नवमी. खंडेनवमी.

मी उठून पाणी प्यायला मॅडमच्या टेबलाशी गेलो. त्या दिवशी त्या रजेवर होत्या. रजा सणाची असेल, असे सकाळी सगळ्यांनी धरून चालले होते. टेबलावर त्यांची कामाची हत्यारे होती. मोजमापाचा व्हर्निअर, भिंग, विजेरी, कॅमेरा. नेहमी ती कशीही पडलेली असत. आज ती एका ओळीत, फडक्यावर, तोंडे एकाच दिशेला करून ठेवली होती. मी व्हर्निअर उचलला. वरून स्वच्छ पुसलेला. पण सरकत्या पट्टीच्या खाचेत एक लाल कण अडकला होता. बोटाने काढून पाहिला. कुंकू होते.

मग मला आमचे ठाणे दिसू लागले. दिसू लागले म्हणजे अगदी उघड्या डोळ्यांनी. शस्त्रागाराच्या दाराला झेंडूचे तोरण, सतरंजीवर आडव्या मांडलेल्या रायफली, लाठ्या, बेड्यासुद्धा, आणि सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटे. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी बाजूला ठेवून नारळ फोडतो आहे. आमचे शस्त्रागाराचे हवालदार जुन्या वळणाचे. पूजेला लावलेले शस्त्र पूजा उठल्याशिवाय कुणालाही देत नसत. एकदा एका वरिष्ठाने मधेच पिस्तूल मागितले, तर ते हात जोडून म्हणाले होते, "साहेब, देव बसल्यात. उठूंद्यात." बंदोबस्तापुरती हत्यारे तेवढी ते आदल्या दिवशीच वेगळी काढून ठेवत.

मी वळून खुर्चीत येऊन बसलो. या खेपेस आवाज अजिबात चढवला नाही. शेजाऱ्याला विचारावे तसे विचारले, "वसईकर, पूजा उठली का?"

त्यांनी दचकून वर पाहिले. मग दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि लहान मुलासारखे रडले.

हकिकत साधी होती. मॅडमचे सासरे, त्यांना घरात आबा म्हणत, साताऱ्याकडचे. फौजेत सुभेदार होते. मुलाने त्यांना मेसईदला आणले तेव्हापासून त्यांचे मन ठिकाणावर राहत नव्हते. कधी समोरच्या माणसाला ओळखत, कधी चाळीस वर्षे मागे जात. मागच्या खंडेनवमीला घरात पाट मांडून स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली आणि विळी पूजेला ठेवली, तर आबांनी ताट सारले. "ह्यी काय हत्यारं हायेत? आमी काय सुतार हाय?" म्हणून दिवसभर जेवले नाहीत. यंदा डॉक्टरांनी सांगून टाकले होते की पुढचा दसरा आबा पाहतील असे वाटत नाही.

मॅडमनी गुरुवारी संध्याकाळी आपल्या हत्यारांची पूजा उरकली आणि बारगिराची कट्यार काढून कापडी पिशवीत घातली. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती परत लावायची, कुणाला कळणारही नाही. त्या रोज वसईकरांच्या गाडीतून वक्र्यापर्यंत जात, तिथून यजमान घ्यायला येत. पिशवी जड म्हणून वसईकरांनी हातातून घेतली. चालकाला पिशवी दिसली, पण शेजारून चालणाऱ्या मॅडम दिसल्या नाहीत, कारण त्या रोजच शेजारून चालत. रोजचे माणूस साक्षीदाराच्या नजरेत भरत नाही, हे मी अनेक खटल्यांत पाहिले आहे.

पण मॅडम एक गोष्ट विसरल्या. शुक्रवारी आबांनी कट्यार पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी स्वतः तिला कुंकू लावले आणि पाटापुढे बसले. शनिवारी पहाटे मॅडम पिशवी घेऊन आल्या तर आबा तिथेच बसलेले. "सीमोल्लंघन झाल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाई." त्यांचा मुलगा पुढे झाला, तर त्यांनी त्याला ढकलले. मॅडमनी रडत वसईकरांना फोन केला. वसईकर म्हणाले, "ताई, होऊ द्या पूजा. मी बघतो."

"अहो, मला का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"साहेब, तुम्ही वस्तू आणायला गेला असता. तुमची ड्यूटीच ती. आणि आबांची पूजा अर्ध्यात राहिली असती." डोळे पुसत ते पुढे म्हणाले, "माझा बाप गेला तेव्हा फादर वेळेवर पोचले नाहीत. मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लागलं नाही त्याला. ते काय असतं, मला ठाऊक आहे."

मी म्हणालो, "चला, गाडी काढा."

वक्रा मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारी सपाट जमीन लागते. संध्याकाळची धूळ गुलाबी झाली होती. दूरवर मेसईदच्या कारखान्यांच्या चिमण्यांवर ज्योती जळत होत्या, आणि त्या धुरकट आभाळात कुणीतरी पेटवून ठेवलेल्या समयांसारख्या दिसत होत्या. मला सारखे वाटत होते की मागच्या आसनावर कुणीतरी बसले आहे, भाला बाहेर काढून.

घरात पाटावर कट्यार होती आणि पुढे आबा. मी सुरक्षा अधिकाऱ्याच्या गणवेशात होतो. मला पाहताच म्हातारा ताडकन उठला आणि त्याने सलाम ठोकला. माझाही हात आपोआप वर गेला. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, चेहरा सुकलेला.

"सुभेदार," मी म्हणालो, "दिवस मावळतोय. सीमोल्लंघनाला निघायचं ना?"

"कवापास्नं वाट बगतोय, साहेब. कुनी हुकूमच देईना."

आबांनी कट्यार उचलून धोतराच्या कमरेला खोचली आणि काठी उजव्या हातात भाल्यासारखी धरली. आम्ही निघालो. पुढे आबा, मागे मी, मग वसईकर, मग ती नवरा-बायको. वसाहतीच्या फाटकावरचा नेपाळी पहारेकरी तोंड उघडे टाकून पाहत राहिला. फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू. तीच गावाची वेस. आपटा तिथे कुठला? आबांनी कुंपणाच्या मेंदीची चार पाने तोडली आणि वाळूत पाय ठेवून एकेकाच्या हातावर ठेवली.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." वसईकरांनी पान घेतले आणि वाकून नमस्कार केला. त्या धुरकट उजेडात कारखान्याच्या ज्योतींसमोर उभा तो म्हातारा मला क्षणभर खिडकीजवळच्या बारगिरासारखाच वाटला. मन भरून आले, आणि ते मी लपवले नाही.

मग आबांनी कमरेची कट्यार काढली, दोन्ही हातांवर आडवी धरली आणि माझ्यापुढे केली. "हत्यार जमा करून घ्या, साहेब. तपासून घ्या, शाबूत हाय."

मुलाला दिली नाही, सुनेला दिली नाही. फौजेचा माणूस शस्त्र जमा करतो ते गणवेशालाच. मी ती घेतली आणि म्हणालो, "जमा."

रविवारी सकाळी कट्यार बारगिराच्या कमरेला होती. व्यवस्थापकांना आता गप्प बसणे सोयीचे वाटत होते. वस्तू मिळाली, विषय संपला. पण वसईकर अजून सगळ्यांच्या नजरेत चोरच होते. मी काही बोलायच्या आत मॅडम रजा अर्धवट टाकून हजर झाल्या. म्हणाल्या, "साहेब, मीच सांगते."

शेखसाहेब थकलेले, उंच. तरुणपणी वडिलांबरोबर मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी चांगली. ते कट्यारीच्या मुठीवर अंगठा फिरवत होते. आडव्या दांड्यांच्या बेचक्यात लाल रेघ राहिली होती. "ये क्या है?"

मॅडमनी काही न लपवता सगळे सांगितले. ऐकताना शेखसाहेबांनी एकदाही मान वर केली नाही. मग वसईकरांकडे वळले. "तुमको मालूम था?"

"हाँ, साहब."

"बोला क्यों नहीं?"

"बूढ़े बाबा की पूजा चालू थी, साहब. बीच में से कैसे उठाता?"

शेखसाहेबांनी कट्यार जागेवर लावली. "इतने साल ये मेरे पास पड़ी है," ते म्हणाले, "किसी ने इसको सलाम नहीं किया." मग मॅडमना म्हणाले, "लाल निशान रहने दो. और चाबी दे दो." आणि वसईकरांना, "यल्ला, काम पे जाओ."

मॅडमनी दालनाची किल्ली दिली, आणि तिच्याबरोबर नोकरीही गेली. निर्णय बरोबर होता आणि त्याही तसेच म्हणाल्या. बंगल्यातून निघताना त्या बारगिरासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. आबा त्या हिवाळ्यातच गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवले? इतकी वर्षे मी संशयिताच्या हातात काय आहे ते बघत होतो. त्याचे बोलणे, त्याचा आवेश, त्याची भीती. ते सगळे पहिले शस्त्र. ते गळून पडल्यावर माणूस अंगाला जपून ठेवलेले दुसरे काढतो, आणि कळते ते तेव्हा. बहुतेकांचे दुसरे शस्त्र खोटे बोलणे असते. वसईकरांचे गप्प राहणे होते, आणि ते त्यांनी स्वतःसाठी काढलेच नाही. माझे म्हणाल तर, आवाज हे पहिले होते. दुसरेही, शेजाऱ्यासारखे हळू विचारणे, आपल्याकडे आहे, हे मला त्या शनिवारी कळले.

आता मी गावी असतो आणि वसईकर वसईला. दर दसऱ्याला दिवस मावळताना त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पलीकडून एवढेच विचारतात, "साहेब, पूजा उठली का?"

आणि मी दरवर्षी तेच सांगतो, "नाही अजून. तुमचीच वाट बघत होतो."